मेकॅनिकलच्या शेवटच्या दोन जागा

बारावीनंतर मला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच करायचं होतं. पप्पा कागलच्या एमआयडीसीत बरीच वर्षं लेथवर काम करतात, त्यामुळं घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मामांचं. मामा राधानगरीकडं राहतात, गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी आहेत. माझ्या शिक्षणाची त्यांनी कधी चौकशी केल्याचं मला आठवत नव्हतं. पण सीईटीचा निकाल लागला आणि त्यांचे रोज फोन सुरू झाले.

"हायवेवरचं ते नवीन विद्यापीठ बघ की, पोरी. हॉस्टेल आतच हाय. लगीच नाव घाल."

दुसरं होतं शेजारच्या जिल्ह्यातलं जुनं विद्यापीठ. तिथला प्रवेश सीईटीच्या गुणांवर, सरकारी यादीतून. नाव लागेल असं वाटत होतं, पण यादीला अवकाश होता. नव्या विद्यापीठाला मात्र दम निघत नव्हता. तिथल्या एक मॅडम सोमवारी फोनवर म्हणाल्या, "मेकॅनिकलच्या शेवटच्या दोनच सीट राहिल्यात." शुक्रवारी परत त्यांचाच फोन. सीट अजून दोनच.

"मॅडम, इतक्या दिवसांत एकपण भरली नाही?"

"दोन कॅन्सल झाल्या ना," त्या पटकन म्हणाल्या.

माझा नंबर कुणी दिला, असं मी विचारलं. "तुमच्या मामांनीच."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. मुलं आणून देणाऱ्यांना अशा ठिकाणी कमिशन मिळतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पप्पांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "आधी बघून तर येऊ."

मामाच आम्हाला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. इमारत झकपक होती. वर्कशॉप दाखवणारे सर इंग्रजीत भराभर बोलत होते. पप्पा मात्र एका लेथपाशी उकिडवे बसले. त्यांनी मशीनखालच्या ट्रेमधून बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं. लोखंडाचा कीस नाही, तेलाचा ओघळ नाही.

"सर, ह्यो कधी चालवलाय का?"

"रेग्युलर प्रॅक्टिकल्स होतात," सर म्हणाले आणि आम्हाला स्विमिंग पूल बघायला घेऊन निघाले.

परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "दाजी, आता इचार करत बसू नका. उद्याच नाव घाला." मला राहवलं नाही. मागच्या सीटवरून मी सरळ विचारलं, "मामा, मला तिथं घातलं तर तुम्हाला काय मिळणार हाय?"

पप्पांनी वळून माझ्याकडं बघितलं. मामांनी गाडीचा वेग वाढवला. आम्हाला दारात सोडलं आणि चहालाही न थांबता निघून गेले. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पण मामांनी 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि माझ्या संशयाला तेवढं पुरेसं होतं.

मग पप्पा आणि मी एसटीनं जुन्या विद्यापीठात गेलो. वर्कशॉपचा पत्रा गळत होता, पण मुलं मशीनवर उभी होती, हात काळे करून. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. म्हणाली, "वर्कशॉप चांगलं हाय, काका. पण दोन विषयांना सरच न्हाईत. आपलं आपण वाचायचं." मला तिचाही संशय आला. ही आपणहून का सांगत असेल?

पप्पा म्हणाले, "वाईट बी सांगितलं न्हवं तिनं? मग चांगलं बी खरं असणार."

यादीत नाव लागलं आणि मी तिथं प्रवेश घेतला. दोन विषय खरंच माझे मीच वाचले. पुढं परीक्षेत एकात कसेबसे पास होण्यापुरते गुण पडले.

पहिल्या दिवाळीला मामांच्या घरी गेले, तेव्हा मामींनी चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. त्यांच्या मुलीला सीईटीत फारच कमी गुण पडले होते. तिला मामांनी त्या नव्या विद्यापीठात कॉम्प्युटरला आधीच घातलं होतं. ती कधी घर सोडून राहिली नव्हती. सोबतीला मी असले, तर पोर रमेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण आपले गुण कुणाला कळू द्यायचे नाहीत, अशी तिनं बापाला शपथ घातली होती.

मी तशीच दूध संस्थेत गेले. मामा संध्याकाळचं दूध घालून घेत होते.

"मामा, चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच," ते मान वर न करता म्हणाले. मग पुढची किटली जवळ ओढत, "जेवून जा."

मामा आता बोलतात, घरी येतात. पण यंदा धाकट्या बहिणीच्या प्रवेशाची वेळ आली, तेव्हा आईनं त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, आक्का. मी त्यात पडत न्हाय."