मेलेल्या माणसाला पॉवर टिलर

मंडळी, आज सकाळी मासवणला माझ्या काकूच्या फोनवर मेसेज आला. अनुदानावरच्या पॉवर टिलरसाठी, म्हणजे नांगरणीच्या छोट्या यंत्रासाठी, काकांची निवड झालीय. काकांनी अर्ज केला होता तीन वर्षांपूर्वी. ते जाऊनच आता वर्ष होईल.

काकूला घेऊन पालघरच्या कृषी कार्यालयात गेलो. साहेब बिचारे नीट बोलले. "अर्जदार हयात नसेल तर निवड रद्द होते. सातबाऱ्यावर नाव चढवा, मग मावशींच्या नावाने नवा अर्ज करा."

"शेती तर आता मीच करते ना? परत तीन वर्सं थांबू?" काकूने विचारलं.

साहेबांनी लागणाऱ्या कागदांची यादी लिहून दिली.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. म्हणाली, "त्यांना लय आनंद झाला असता रे."

खरंच थकलो. सरकारची मदत वेळेत मिळालेलं कोणी आहे का इथे?