गाईचा मेंदू आणि आबांचा खुलासा

गुरांच्या डॉक्टराला काय काय करावं लागतं ते मी लोकांना रंगवून सांगतो. अडलेलं वासरू, शिंगावर घेणारी म्हैस, सगळं. एक गाय मात्र गाळतो. आज तीच सांगतो. माणूस किती हलका असू शकतो याचा माझ्याजवळ तेवढा एक खात्रीचा पुरावा आहे, आणि तो माणूस मीच आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सोनगीरच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत असलेल्या गावी मी गुरांच्या दवाखान्यात होतो. विलायतेत गाई वेड्या होऊन मरताहेत अशा बातम्या पेपरात येत. मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाचा भुगा खाऊ घातला म्हणून तो रोग झाला म्हणे. आमच्या गाईंनी जन्मात कडबा आणि सरकीची ढेप सोडून दुसरं काही हुंगलं नव्हतं. तरी वरून पत्र आलं, की मोठं जनावर लटपटत, बुजत, अंगावर येत मेलं तर त्याचा मेंदू काढून फॉर्मेलिनमध्ये तपासणीला पाठवा आणि दर महिन्याला अहवाल द्या. मी दर महिन्याला 'निरंक' लिहायचो. गावं फिरून पाहिली होती का? छे. टेबलाशी बसून निरंक लिहायला काय जातं.

दवाखान्यात माणसं दोनच, मी आणि आमचे परिचर. एकोणसाठ वर्षांचे. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही. जनावर धरणं, जखमा धुणं, मलमपट्टी सगळं त्यांच्याकडे. निवृत्तीला सात-आठ महिने उरले होते आणि सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. त्याचा त्यांना फार अभिमान.

एकदा चहा घेताना त्यांनी बापाची गोष्ट सांगितली. आबांचं घर बौद्ध. पण दीक्षेच्याही आधी, आबा पाळण्यात असताना, त्यांच्या बापाने मेली गुरं ओढायचं आणि सोलायचं काम सोडलं होतं. गावाने वाळीत टाकलं, तर बायकापोरं घेऊन तो सोनगीरला निघून आला. सांगता सांगता आबा ऑफिसातली भाषा विसरून अहिराणीवर आले. "मन्हा बापनी सुरा इहीरमा फेकी दिन्हा, साहेब. पोरगाना हातमा नको म्हने." बापाने विहिरीत फेकलेल्या त्या सुऱ्यावर मी मान डोलावली. विश्वासाने सांगितलेली गोष्ट होती ती.

पुढे एका सकाळी जवळच्या वस्तीवरून निरोप आला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गाय तीन दिवस लटपटत होती, हात लावला की दचकायची, वासराला जवळ येऊ देत नव्हती. पहाटे मेली. पत्रातली सगळी लक्षणं. आम्ही मोटरसायकलवर निघालो. आबा मागे, मांडीवर फॉर्मेलिनची बरणी.

गोठ्यामागे गाय पडली होती. घरच्या बाईने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं. गर्दी जमलेली. मालकाला सगळे नाना म्हणत. डोकं फोडायचं म्हटल्यावर ते आधी तयारच होईनात. बाकीच्या गुरांना धोका नको म्हणून मी समजूत घातली, तेव्हा म्हणाले, "करा. पण माझ्या घरातलं कुणी हात लावणार नाही." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता खरं सांगतो. कॉलेजात मी गाईची कवटी माझ्या हाताने उघडली होती. परीक्षकांनी पाठ थोपटली होती. त्या गोठ्यामागे ते काम येणारा माणूस मी एकटा होतो. पण मी शेतकऱ्याच्या घरातला, पोळ्याला बैलांच्या पाया पडणारा. डॉक्टराने गाईचं डोकं फोडलं, असं तालुकाभर झालं असतं. मग कोण मला ओसरीवर बोलावणार, कोण चहा देणार? एवढं सगळं डोक्यात यायला पापणी लवायचाही वेळ लागला नाही.

मी मोठ्याने म्हणालो, "आबा, तुम्ही घ्या. तुमच्याकडे हे पूर्वीपासूनचंच आहे."

आबा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मला येत नाही."

"येत नाही काय? रक्तातच असतं ते."

हो, हे मी बोललो. याच तोंडाने. गर्दीतलं कुणीतरी हसलं. आल्या आल्या "बसा आबा" म्हणणारे नाना आता म्हणाले, "चाल रे, उरक."

आबांनी खाकी शर्ट काढला, घडी घालून मोटरसायकलच्या सीटवर ठेवला. मी त्यांना हातमोजे दिले, आणि आपण काय मोठे दिलदार असं मला वाटलं. मग दहा पावलांवर, नाकाला रुमाल लावून, मी "जरा वर, जरा डावीकडे" असं सांगत उभा राहिलो. कुऱ्हाड भलतीकडे बसायची. माझ्या हातून लवकर झालं असतं ते काम. त्यांना दीड तास लागला, आणि बरणीत जे पडलं तो नुसता लगदा होता.

नानांनी मला ओसरीवर नेऊन कपबशीत चहा दिला. तो मी प्यालो. आबा बाहेर उभे, एक बाई लांबून त्यांच्या हातावर पाणी ओतत होती. त्यांना चहाचं कुणी विचारलं नाही. मीही नाही. निघताना ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो," आणि चालत आले.

काही आठवड्यांनी तपासणीचं उत्तर आलं: नमुना छिन्नविच्छिन्न, तपासणीस अयोग्य. त्या गाईला काय झालं होतं ते कधीच कळलं नाही. वरून खुलासा मागवला आणि मी लिहिलं, 'परिचराच्या हलगर्जीपणामुळे.' जनाची नाही तर मनाची तरी, असं म्हणतात. माझ्याकडे जनाची भरपूर होती, मनाची नावालाही नव्हती.

मग आबांवर नोटीस निघाली. सात दिवसांत खुलासा, माझ्यामार्फत. "घाबरू नका, नुसते कागद असतात," असं वर मीच त्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ते खुलासा घेऊन आले. अक्षर त्यांच्या मास्तरीण मुलीचं होतं. मी वाचेपर्यंत ते टेबलासमोर उभे राहिले.

'सदर काम मला येत नाही. ते मला येऊ नये म्हणून माझ्या वडिलांनी गाव सोडले. डॉक्टरसाहेबांना ते येते. ते तेथे हजर होते.'

अक्षर न् अक्षर खरं. खाली अधिकाऱ्याच्या अभिप्रायाला जागा होती. 'खरे आहे' एवढे दोन शब्द पुरले असते. मी पेन उघडलं. मग लिहिलं, 'पुढील कार्यवाहीसाठी सादर.' सही केली, शिक्का मारला.

महिन्याभरात आबांना लेखी ताकीद आली. सेवापुस्तकात ती उतरवायचं काम माझंच. मी ती स्वच्छ अक्षरात उतरवली, आणि वाचल्याबद्दल खाली आबांची सही घेतली.