तिनं न मागितलेला रिपोर्ट

सुई टोचण्याआधी ती माणसाच्या हातावर दोन बोटांनी टिचकी मारायची आणि म्हणायची, "आधी पानी प्या. रक्त कुठे पळून जात नाय." एवढ्यावर माणूस हसायचा. त्याच माणसाला पाच मिनिटं आधी मी सगळं शास्त्रशुद्ध समजावलेलं असायचं, तेव्हा तो भिंतीकडे बघत बसलेला असायचा.

सांगूनच टाकते, मी तिच्यावर जळायचे. अजूनही जळते. कामाच्या ठिकाणी असं एक माणूस तुम्हालाही भेटलं असेल, ज्याचं वाईट काही सांगता येत नाही आणि तरी बघवत नाही.

आमची लॅब वसईत. वंशातून येणाऱ्या आजारांसाठी रक्त आम्ही घेतो, तपासणी मुंबईत होते, रिपोर्ट बंद पाकिटात येतो. मी एमएस्सी, तेही फर्स्ट क्लास. ती जवळच्या गास गावची, भातशेतीवाल्या घरातली, बारावीनंतर डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, केलेली. मला म्हणायची, "आमच्या एमएस्सी मॅडम!" त्यात खवचटपणा नसायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

एकदा आगाशीहून एक केळीबागवाले काका आले. मी त्यांना सांगितलं, "आपल्या डीएनएमध्ये पुष्कळसा मजकूर पुन्हा पुन्हा तोच येतो. बहुतेकदा त्यानं काही बिघडत नाही. पण एका ठरावीक जनुकात तीन अक्षरांची पुनरावृत्ती मर्यादेपलीकडे गेली, की मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात."

काकांनी मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे कावीळ का?"

ती पुढं झाली. "काका, दारात मोगरा आहे ना? बायका गजरा कसा करतात? एक कळी, परत तशीच कळी, परत तशीच. ठरल्या मापाचा झाला की छान. पन ओवनारीचा हात थांबलाच नाय तर? वजन होतं, दोरा तुटतो. तुमच्या वडिलांचे हातपाय हलायचे ते त्या जास्तीच्या कळ्यांनी. तुमच्यात किती आल्यात, तेवढं मोजायचं."

काकांना कळलं. पुढच्या खेपेला ते बागेतली केळी वाळवून केलेली सुकेळी घेऊन आले आणि पुडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "त्या बाईंना द्या." मी मुकाट्यानं दिला. तिनं त्यातली निम्मी मलाच दिली. खाल्ली मी. चांगली होती, आता काय करता!

तिचं ज्ञान घरातलं होतं. तिची आई याच आजारानं गेली. हातपाय आपोआप हलायचे, तोल जायचा. गावात कुणी म्हणे अंगात येतं, कुणी म्हणे चोरून पिते. आईचा आजार लेकीत उतरण्याची शक्यता निम्मीनिम्मी. शेवटी तिनं स्वतःचं रक्त तपासायला दिलं. मीच घेतलं. रिपोर्ट आला तेव्हा तिनं पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि न फोडता माझ्याकडे दिलं.

"कपाटात ठेव. पोरगी दहावी होऊ दे. मी मागेन तेव्हा दे. नाय मागितलं तर राहू दे तसंच. तूपन बघू नको."

लॅबचा नियमच आहे तो. ज्याचा रिपोर्ट, त्यानं म्हटल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. या आजाराला बरं करणारं औषध अजून नाही, त्यामुळे जाणून घेणं जसा माणसाचा हक्क, तसा न जाणणं हाही हक्कच. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. मी तिला शब्द दिला.

पुढं आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी विरारला पेशंटच्या घरच्यांसाठी सभा ठेवली. आठवडाभर खपून स्लाइड मी केल्या. बोलायला उभं केलं तिला. "तिचं लोकांना कळतं," म्हणाले. ती बोलली, लोक हसले, दोन बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. मी मागं बसून स्लाइड पुढं सरकवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले, कपाट उघडलं आणि तिचं पाकीट फोडलं. का? तर तिच्याबद्दलची एक तरी गोष्ट मला अशी हवी होती, जी मला ठाऊक आहे आणि तिला नाही.

आकडा मर्यादेच्या पुढं होता. थोडाथोडका नाही, चांगलाच पुढं.

मी कागद नव्या पाकिटात घातला, चिकटवला, वर तिचं नाव लिहिलं. थोड्या वेळानं ती आली आणि खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत ऐसपैस बसली. त्या खुर्चीवरून आमची रोज वादावादी व्हायची. त्या दिवशी मी म्हटलं, "बस गं, बस."

मग मी तिला चहा करून द्यायला लागले. तिच्या वाटची रविवारची ड्युटी आपणहून घेतली. पेशंट तिचं नाव काढायचे तेव्हा मी म्हणायचे, "हो हो, बोलावते." तिच्या हातातून कापसाचा बोळा पडला तरी मी धावत जाऊन उचलून द्यायचे. ती नुसती बघायची.

असे आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी डबा खाताना तिनं विचारलं, "किती आहे?"

"काय किती?"

"माझा आकडा."

"मला काय माहीत? काहीतरीच तुझं!"

"मग भांडत का नाय तू माझ्याशी?" तिनं डब्याचं झाकण लावलं. "आईला झालं तेव्हा सगळं गाव असंच गोड बोलायला लागलेलं."

मला रडू फुटलं. मी माफी मागितली, हात धरायला गेले. तिनं हात काढून घेतला.

"पोरीची दहावी होईपर्यंत मला काय माहीत नसनार होतं," ती म्हणाली. "तेवढी दोन वर्षं माझी होती गं. तुझ्याकडे ठेवायला दिलेली."

डॉक्टरांना तिनं काहीच सांगितलं नाही. महिनाभरानं घरचं कारण देऊन नोकरी सोडली. माझी नोकरी राहिली ती तिच्या गप्प बसण्यामुळे. बघा, इथंही तीच मोठी ठरली.

गेल्या महिन्यात आगाशीच्या बाजारात ती दिसली. लेकीबरोबर बांगड्या बघत होती. लेक काहीतरी बोलली आणि ती अगदी पूर्वीसारखी, मान मागं टाकून हसली. सगळं माहीत असून हसली. मला काहीच झालेलं नाही, तरी मला नाही जमत असं हसायला. मी तिथंच जळत उभी राहिले.

तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे वळली. तिच्या मनगटावरच्या बांगड्या किणकिणत होत्या. ती बांगड्या जुळवत होती म्हणून, की हात आपोआप हलत होता म्हणून, ते बघायला माझी नजर खाली गेली. मी ती लगेच वर आणली, पण उशीर झाला होता. तिनं तो हात पदराखाली घेतला, दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट धरलं आणि बांगड्या न घेताच ती निघून गेली.