मिशीवाले मामा साडी नेसतात

साऱ्या सुरतेत मिशीवाल्या मामांइतकी चापूनचोपून साडी नेसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. हे मी एकदा आईदेखत बोलून गेलो आणि त्या दिवशी पोळ्या गार मिळाल्या, पण खरं ते खरं. मामा साड्यांच्या दुकानातले सेल्समन, नात्यानं माझे कुणी नव्हेत, सगळ्या दुकानाचेच मामा. अंगानं आडवे, मिशा हवालदाराला शोभतील अशा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद पट्टा. त्या पट्ट्यात साडीचं टोक खोचलं की एक गिरकी, बोटांवर सरसर निऱ्या आणि पदर खांद्यावर. समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातातला चहाचा कप ओठाला लागायच्या आत मामा नेसून उभे. साड्यांच्या दुकानात पुरुषच साडी अंगावर घेऊन दाखवतात, यात काही नवल नाही. पण बाकीचे सेल्समन साडी अंगाला लावत, मामा ती नेसत. यातला फरक कळायला मला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली.

त्या वर्षी माझं बी.कॉम.चं पहिलं वर्ष संपलं होतं. वडील उधन्याच्या मराठी शाळेत मास्तर, त्यामुळे सुट्टीत घरी बसलो की पाढ्यांपासून सगळं पुन्हा शिकवलं जाण्याची भीती. तेवढ्यात पर्वत पाटियाजवळच्या एका साड्यांच्या दुकानात दुपारनंतरचं काम मिळालं. लग्नसराईत नंदुरबार, दोंडाईचा, शिरपूरकडची मंडळी जीपगाड्या भरून सुरतेला बस्ता बांधायला येतात. लग्नाचे सगळे कपडे, नवरीच्या शालूपासून मानपानाच्या साड्यांपर्यंत, एका बैठकीत घ्यायचे, त्याचं नाव बस्ता. या मंडळींशी त्यांच्या खानदेशी बोलीत बोलणारं माणूस सेठना हवं होतं. मला वाटलं, कॉम्प्युटरवर बिलं करायची असतील. म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सेठनी मला वरखाली पाहिलं आणि म्हणाले, "मामा पासे बेस. ए शीखवाडशे."

मामांनी शिकवायला सुरुवात केली ती पोपटी रंगाची एक साडी माझ्या हातात देऊन. "नेस." मी ती दोन हातांत धरून उंच केली. मामांनी अत्यंत मायेनं विचारलं, "टॉवेल वाळत घालतोस का रे पोऱ्या?" मी म्हटलं, मामा, लाज वाटते. "तेन्हामा लाजनं काय शे?" मामांना खरोखरच कळेना. माझ्या मते लाजण्यासारखं बरंच होतं. दुकानाला समोरून सगळी काच होती, आणि रस्त्यापलीकडच्या लोचोच्या, म्हणजे मऊ सुरती खमणाच्या, गाडीवर आमच्या कॉलेजची अर्धी पोरं संध्याकाळी उभी असत. त्यामुळे मी नेसणं सोडून बाकी सगळं केलं. घड्या घातल्या, गठ्ठे काढले, पाणी दिलं, रडणाऱ्या पोरांना खेळवलं. मामा रागावले नाहीत. फक्त कुणी विचारलं की "हा पोरगा नवा का?" तर ते म्हणत, "अजून यायचाय." मी समोर उभा असताना म्हणत.

मामांचा एक प्रश्न ठरलेला होता. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की बाकीचे सेल्समन "रेंज काय?" असं विचारत. मामा विचारत, "कोनासाठे शे, माय?" कुणासाठी आहे? आणि नुसतं "सुनेसाठी" एवढ्यावर त्यांचं भागत नसे. सून नोकरी करते का, उंच आहे की ठेंगणी, पदर सावरते की सोडते, सगळं ऐकून घेत आणि मग नेसत. शाळेच्या बाईंसाठी साडी असली तर निऱ्यांना पिन लावून, फळ्यावर लिहिल्यासारखा हात वर करून दाखवत. सासूसाठी असली तर नेसून एकदम मांडी घालून बसत, कारण सासूची साडी बसल्यावर कशी दिसते तेच खरं, असं त्यांचं मत. गुजराती बेन आल्या की पदर उजव्या खांद्यावरून पुढं. एकदा त्यांनी बाळंतिणीसाठी साडी दाखवताना उशी हातात घेतली होती. मिशी तशीच पिळदार, पण दोन मिनिटांनी ती दिसेनाशी होई. समोर सूनच बसलेली असे.

बस्त्याला माणसं पंधरा-वीस येतात आणि त्यातलं एक रुसायला आलेलं असतं, हा मामांचा सिद्धांत होता. ते माणूस मामा आधी हुडकत. एकदा शिरपूरकडच्या एका बस्त्यात चपलांपाशी एक म्हातारी बसली होती, नवरदेवाची आजी. रुसलेलीही नव्हती, नुसती विसरली गेली होती. मामा तिच्यासमोर जाऊन बसले. ती म्हणाली, "माले काय करनी शे आते नवी साडी?" मामांनी जांभळी सुती साडी काढली, नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि कमरेत वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून नातवाच्या वरातीत चालतात तसे दुकानभर चालले. सगळे हसले. म्हातारीही तोंडाला पदर लावून हसली आणि मग म्हणाली, जरा काठ पाहू दे. त्या बस्त्यातली पहिली साडी तिची बांधली गेली.

घरी मात्र या कलेला मान नव्हता. बमरोलीत मामांचं दोन खोल्यांचं घर. मी एकदा डबा आणायला गेलो होतो, तेव्हा मामी गाऊनवर भांडी घासत होत्या. मी गमतीनं विचारलं, मामी, तुम्ही साडी नाही नेसत? मामी म्हणाल्या, "घरात एकानं नेसली म्हणजे पुरे." मामांना मात्र कापड दिसलं की निऱ्या घातल्याशिवाय राहवत नसे. हातरुमालाला निऱ्या, टेबलावरच्या पेपरला निऱ्या. एका तेराव्याला गेले असताना मांडवाच्या कापडाच्या निऱ्या सारख्या करत बसले आणि जेवण चुकलं.

तर अशा या मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न त्याच सीझनच्या शेवटी ठरलं होतं. सगळ्या दुकानाला एकच चिंता, की मामा तिच्यासाठी शालू कधी निवडणार. तसे ते रोज निवडत. एखादा सुरेख शालू आला की हळूच माझ्या कानाशी येऊन, "हा आपल्या पोरीचा," असं म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत. संध्याकाळी कुणाची तरी नवरी मुलगी यायची, मामा विचारायचे कुणासाठी, आणि तिचं ऐकता ऐकता हात तळाशी जायचा. असे किती शालू परक्या पोरींच्या अंगावर गेले. सेठ म्हणायचे, "मामा, दीकरी सॅम्पलमां परणशे." पोरगी सॅम्पलच्या साडीतच बोहल्यावर चढणार, असा टोमणा. मामा हसायचे. पण एकदा चहा पिताना मला म्हणाले, "सगळ्यांच्या पोरी मला होता येतात रे. आपली होता येत नाही. नेसायला गेलो की ती लहानपणीचीच दिसते, फ्रॉकमधली. फ्रॉकवर शालू कसा शोभेल?" मी कप विसळायला घेऊन गेलो.

बस्त्याचा दिवस उजाडला. दोन्हीकडची माणसं गादीवर बसली आणि पहिल्यांदाच मामा गिऱ्हाइकांच्या बाजूला, नव्या शर्टात. त्यांना हात कुठं ठेवावेत ते सुचत नव्हतं. व्याही मोठे सज्जन. म्हणाले, "शालू मामांनीच निवडायचा. त्यांच्यापुढं आम्ही काय सांगणार?" झालं. मामांना कुठूनच सुटका राहिली नाही. शालूंचा ढीग लागला. हा जड आहे, तो भडक आहे, याचा काठ उसवेल, त्याची जर काळी पडेल. जे शालू ते स्वतः महिनाभर छातीठोक विकत आले होते, त्यांच्यात त्यांना खोड दिसू लागली. नवरदेवाची आत्या रुसायच्या बेतात आली. शेवटी मामा उठले आणि सवयीनं पट्ट्याला हात घातला. तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, आज तुम्ही नका ना नेसू. आज बसा."

मामा बसले. बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेत काय होतं ते सांगता येणार नाही, पण काच, रस्ता आणि लोचोची गाडी मला त्या क्षणी आठवली नाही. मी पुढं झालो. जे तोंडी बसलं होतं तेच विचारलं, "कोनासाठे शे, मामा?"

रोज दहादा हा प्रश्न विचारणाऱ्या माणसानं नव्या शर्टाच्या टोकाला निऱ्या घातल्या. मग खाली बघत म्हणाले, "मन्ही पोरसाठे."

मी डाळिंबी रंगाचा शालू घेतला. टोक पट्ट्यात खोचलं, गिरकी घेतली, निऱ्या जमतील तशा जमवल्या, डोक्यावरून पदर घेतला. मुलगी कशी मान खाली घालून बसली होती ते समोर दिसतच होतं, तशी मान घातली. चालून दाखवल्याशिवाय साडी दाखवली असं होत नाही, हे मामांनीच शिकवलेलं, म्हणून गादीपासून काचेच्या दाराकडे सावकाश चालत निघालो. दाराच्या मुठीला माझा हात लागणार तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, एकदम बारीक. "दारकडे नको जाऊ रे. मांगे ये."

वळून पाहिलं तर मामा रडत होते, मिशांवरून पाणी ओघळत होतं. दाढीचे चार केस फुटलेल्या एका काटकुळ्या पोराकडे बघून तो आडदांड माणूस रडत होता आणि गादीवरचं कुणीही हसलं नाही. शालू तोच ठरला. आत्यानंसुद्धा काठाला नाव ठेवलं नाही. जाताना व्याह्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा पोरगा नवा का? मामा नाक पुसत म्हणाले, "नाही. जुना आहे."

लग्नाला मी गेलो होतो. पाठवणीच्या वेळी मामी रडल्या, व्याही रडले, माझी आईसुद्धा रडली, जिचा काही संबंध नव्हता. त्या डाळिंबी शालूतली मुलगी गाडीकडे चालत गेली आणि मामा कोरड्या डोळ्यांनी तिच्या निऱ्यांकडे बघत उभे राहिले. लोक म्हणत होते, बापाचं काळीज घट्ट आहे. त्यांना काय ठाऊक, मामांनी मुलीची पाठवणी आधीच केली होती, पर्वत पाटियाच्या दुकानात, माझ्याकडे बघून.