सव्वादोनवरून पावणेतीन

हे सांगायचं मी आजवर टाळलं. घरात विषय निघाला की दुसरंच काही बोलायचो. आता बांगडीचा रंगही नीट दिसत नाही, तेव्हा लिहून ठेवतो.

मी कासार. इतवारीत आमचं दुकान होतं, आणि सणाआधी महाल वस्तीतल्या ठरलेल्या घरांत जाऊन मी बांगड्या भरायचो. इंग्रजी अमदानी होती, दुसरी लढाई अजून लागायची होती. बाईला माप विचारायचं नाही, हा माझा तोरा. एकदा हात धरला की तो वर्षभर लक्षात राहायचा.

एका घरात सासू, मुलगा आणि सून असे तिघंच. मुलगा आईपुढे बोलत नसे. सून तिशीच्या आतली, माप सव्वादोन. एका वर्षी पोळ्याआधी मी तेच माप नेलं आणि तिच्या हातावर लागोपाठ तीन बांगड्या फुटल्या. शेजारणी बघत होत्या.

"काहून गा, डोळे मिटून भरून राहिला का?" सासू म्हणाली.

"माझं माप चुकत नाही, मावशी. तुमच्या सुनेलेच सासरचं तूप लागलं."

शेजारणी हसल्या. सासू हसली नाही.

खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. लठ्ठ बाईचा हात चेपला की चरबी दबते, बांगडी सरकते. हा हात दबतच नव्हता. अंगठ्याखालचं हाड रुंद झालेलं, तळवा जाड आणि घामाने ओला. मनगटाच्या वर मात्र कातडीखाली चरबी पूर्वीपेक्षा कमीच.

पुढच्या वर्षी अडीचचं माप नेलं. तेही जाईना, पावणेतीनचं काढावं लागलं. बोटं फुगली होती, जबडा पुढे आला होता, आवाज घोगरा झाला होता. अंगाने थोराड दिसत होती, पण भरलेली बादली दोनदा खाली ठेवून तिने न्हाणीपर्यंत नेली.

"वर्षभर तूप बंद केलं हिचं," सासू म्हणाली. "भाकर बी मोजून देते. तरी पहा कशी हत्तीण होऊन राहिली! चोरून खाते, दुसरं काय?"

मी सुनेचा अंगठा आत दुमडला तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमच्या हाताले तर समजते ना?"

समजत होतं. मी म्हणालो, "हात ढिला सोडा."

काही महिन्यांनी एका डॉक्टरांच्या घरी बांगड्या भरायला गेलो असताना मी त्यांना त्या हाताबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं : मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. वाढीचा रस ती गरजेपेक्षा जास्त सोडू लागली, की मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, हाडं रुंद होतात. अंगात पाणी साठतं, मांस वाढतं, पण त्या मांसात ताकद नसते. चरबी उलट झडते. म्हणून वजन वाढतं आणि माणूस थकत जातो. "खाण्याचा यात काही संबंध नाही," ते म्हणाले. "इलाज फारसा नाही, पण तिला उपाशी ठेवू नका म्हणावं. त्याने हाड काही आत जात नाही."

दुसऱ्याच दिवशी मी त्या घरी गेलो. सण नव्हता, तरी पेटी घेतली; नाहीतर कशाला आलो म्हणून सांगणार? सासू सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी सुनेच्या हातात चार बांगड्या भरल्या, एकही फुटली नाही. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण कासाराने स्वतःची चूक झाकायला सुनेवर आळ घेतला, हे दुपारपर्यंत महालभर झालं असतं. मी पेटी बंद केली.

बांगड्या भरल्या की बाई कासाराला नमस्कार करते, ही आमच्याकडची रीत. ती जमिनीला हात टेकून सावकाश वाकली. मी "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं आणि निघालो.

पोळ्याला गेलो तर घराला कुलूप. ते लोक उमरेडकडे गेले, एवढंच शेजारणीला ठाऊक होतं. मी पुढे शोध घेतला नाही.

सण नसताना गेलो त्या दिवशी इतवारीपासून त्यांच्या दारापर्यंत मी जे घोकत गेलो होतो, ते एवढंच होतं : मावशी, तुमच्या सुनेनं कधी काही चोरलं नाही. ताई, मले समजत होतं, अन् मी बोललो नाही. मले माफ करा.