सरकारी खर्चाने पाटा

पप्पांची बदली परदेशातल्या आपल्या वकिलातीत झाली, तेव्हा आम्ही नायगावला राहत होतो. पप्पा साधे कारकून. पण आमची विमानाची तिकिटं सरकार काढणार, शाळेची फी सरकार भरणार आणि ठरावीक वजनापर्यंत घरसामानही सरकारच नेणार! मी आणि ताई पलंगावर उड्या मारत सुटलो.

अडचण एकच, तेवढं सामानच नव्हतं. भाजीवाल्याचा मोठा काटा आणून भांडी, गाद्या, पापड, सुकेळी सगळं तोललं, तरी वजन भरेना. "सरकार देतंय ते सोडायचं कशाला?" म्हणत आईने पाटा चढवला. काटा खाली बसला, तशा आम्ही टाळ्या पिटल्या.

तिकडे खोका उघडला, तर पाटा आहे, वरवंटा नाही! तो शेजारच्या काकूंनी मागून नेला होता. आई आधी भडकली, मग हसतहसत जमिनीवरच बसली. तीन वर्षं आम्ही त्या पाट्यावर ओले बूट वाळवले. परतताना तो पुन्हा सरकारी खर्चाने आला.

नायगावला टेम्पोतून सामान उतरतंय, तोवर काकू हजर. "बरं झालं आलात! तुमचा पाटा द्या ना जरा, आमचा फुटलाय. वरवंटा आहे माझ्याकडे."