त्याच्या डिस्कवर खेळलेली लढाई

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हा नियम. देवळात विसरलात तर एक वेळ चालेल, पण इथे सर अंगावर धावून यायचे. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. नागपुरात बर्डीवर एका दुकानाच्या माडीवर आमचा वर्षभराचा डिप्लोमा चालायचा. चार मशीन, एका मशीनवर दोघं. माझ्या वाट्याला भिवापूरचा एक मुलगा आला. वडलांची मिरचीची शेती, स्वतः बीएस्सी, बोलणं थेट गावाकडचं. डबा उघडला की अख्ख्या खोलीला ठसका लागायचा.

काम संपलं की आम्ही यानांची लढाई खेळायचो. आजच्या पोरांना दाखवली तर खो खो हसतील. काळ्या पडद्यावर हिरवी टिंबं, आठ चौकटी आडव्या, आठ उभ्या. आपलं यान म्हणजे एक अक्षर, शत्रूची यानं म्हणजे दुसरं. आपण एक चाल करायची, मग शत्रू करणार. हाताशी असलेली शक्ती ढालीला, इंजिनाला आणि तोफेला वाटून द्यायची, आणि गोळा सोडायचा तर कोन अंशांत टाइप करायचा. चुकला की गोळा गेला अंतराळात, आणि पुढच्या चालीत शत्रू आपली ढाल सोलून काढणार.

तो कागदसुद्धा घ्यायचा नाही. डोळे बारीक करून पडद्याकडे पाहायचा आणि म्हणायचा, ‘‘एकशे सोळा टाक गा.’’ टाकलं की शत्रू फुटलाच. मी माझ्या अकलेनं टाकलं की हुकलंच. ‘‘काहून घाई करून राहिला बे?’’ असं तो हसून विचारायचा. वाईट हेतू काडीचा नव्हता त्याचा. पण मला अशी चीड यायची म्हणून सांगू! मी नागपुरात वाढलेला, माझं इंग्रजी बरं, आणि हा मला कोन शिकवणार?

त्यात ती नोकरी. कळमेश्वरच्या एका कारखान्याला मशीन सांभाळायला माणूस हवा होता, एकच. दसऱ्यानंतरच्या परीक्षेला त्यांचे साहेब स्वतः येऊन बसणार होते. माझ्या या जोडीदारानं गोदामातला माल शोधून देणारा प्रोग्राम लिहिला होता, चार महिने खपून. सरांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं की ती जागा याचीच. दुसरा नंबर माझा होता, पण दुसऱ्या नंबराला कुणी विचारत नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो खाली उमरेडमार्गे गावी जाणाऱ्या बसची चौकशी करायला गेला. सर जेवायला गेले होते. मी लढाई लावली आणि काय झालं कोण जाणे, कोन बरोबर पडायला लागले. एकट्याच्या जिवावर! शत्रूची तीनच यानं उरली. तेवढ्यात दिवे मिचमिचले. वीज गेली असती तर सगळं मुसळ केरात. लढाई डिस्कवर, म्हणजे फ्लॉपीवर, साठवून ठेवायची सोय होती. माझ्या डिस्कवर माझा प्रोग्राम होता, त्याला मी हात लावणार नव्हतो. टेबलावर त्याची पडली होती, ती घातली. जागा नाही, असं मशीन म्हणालं. मी त्याची सगळ्यात मोठी फाइल पुसली.

हो, पुसली. चुकून नाही. त्याच्याकडे दुसरी प्रत असेल असं मी स्वतःला सांगितलं. क्लासमधून प्रत्येकाला एकच डिस्क मिळते हे मला पक्कं ठाऊक होतं.

वीज गेली नाही. दोन चालींत माझं यान फुटलं. मग मी साठवलेली लढाईही पुसली, डिस्क पाकिटात घातली, आणि तो घाम पुसत वर आला तेव्हा त्याच्या हातात दिली. ‘‘गावाले नेतो,’’ तो म्हणाला, ‘‘आईले दाखवतो, चार महिने काय केलं ते.’’

भिवापुरात त्याच्या आईनं नवमीला विळे, कुदळी, नांगराचा फाळ पूजेला मांडला. पोराचं हत्यार कोणतं, तर ही डिस्क. तीही मांडली. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. सगळं रीतीप्रमाणे.

परीक्षेच्या दिवशी त्यानं कारखान्याच्या साहेबांसमोर डिस्क घातली आणि प्रोग्राम सापडेना. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली. सरांनी डिस्क उपसून उजेडात धरली. लेबलावर कुंकवाचा टिळा. फक्त लेबलावर, कागदावर! आतल्या चकतीला कणभरही लागलं नव्हतं, हे मला दिसत होतं. सरांना या यंत्रातलं आमच्याहून फार कळत होतं असं नाही.

‘‘पूजा केलीस याची?’’ सर ओरडले. ‘‘चपलेची धूळ चालत नाही या यंत्राला, आणि तू कुंकू फासतोस?’’

‘‘सर, नारळ फोडायचा तेवढा राहिला,’’ मी म्हणालो. सगळे हसले. साहेबही हसले.

सरांनी मला विचारलं, ‘‘तू पाहिला होतास ना याचा प्रोग्राम चालताना?’’

‘‘पाहिला होता, सर. नवमीच्या आधी अगदी झकास चालत होता.’’

यात एक शब्द खोटा नव्हता. त्यानं माझ्याकडे आभार मानल्यासारखं पाहिलं. निदान एकानं तरी त्याच्या बाजूनं साक्ष दिली, असं त्याला वाटलं असावं. तो नापास झाला. कळमेश्वरची जागा मला मिळाली.

पुढल्या उन्हाळ्यात त्यानंच मला घरी बोलावलं. क्लास सोडून तो शेतीत लागला होता. अंगणभर मिरची वाळत होती. त्याची काकू वाढत होती आणि आई लांब, दाराशी बसली होती. मी म्हटलं, ‘‘आई नाही का येत इकडे?’’

‘‘ते आता कोन्या चांगल्या कामाले हात लावत नाही,’’ तो खाली मान घालून म्हणाला. ‘‘बहिणीचं लग्न झालं ना मागच्या महिन्यात, तिले हळदही नाही लावली तिनं. रडली बहीण, पाया पडली. नाही म्हणजे नाहीच.’’

आईनं ऐकलं होतं. ती उठून आली, माझ्यासमोर बसली. हात पदराखाली होते.

‘‘तू त शिकेल हाय, बाबू. त्याच मशिनीवर काम करतं. मले खरं सांग. माह्या कुकवानंच गेलं काय माह्या पोराचं?’’

तो शेजारीच बसला होता. सोमवारी मला कामावर जायचं होतं.

‘‘हो काकू,’’ मी म्हणालो. ‘‘कुंकवानंच.’’

तिनं मान हलवली. ‘‘मले वाटलंच होतं,’’ ती म्हणाली, आणि उठून पुन्हा दाराशी जाऊन बसली.